गिन्झात सुशीच्या काउंटरवर पहिल्यांदा बसताना

मार्च उजाडला की पुण्या-मुंबईहून मेसेज यायला लागतात. "साकुरा बघायला येतोय. एकदा तरी गिन्झातल्या चांगल्या सुशीवाल्याकडे जेवायचंय. तिथे कसं वागायचं असतं?" साकुरा म्हणजे इथला चेरीचा बहर, आणि गिन्झा म्हणजे तोक्योतला महागड्या दुकानांचा भाग. तोक्योत राहून मला आता बरीच वर्षं झाली आणि दर वसंतात मी फोनवर तासभर हेच सांगत असते. यंदा सगळं एकदाच लिहून काढते.

आधी एक गोष्ट मनात पक्की बसवा, बाकीचं तिच्यातून आपोआप उलगडत जाईल. आई चुलीपुढे बसून भाकरी करते आणि तव्यावरची थेट ताटात टाकते. ती फुगलेली भाकरी खाली बसायच्या आत आपण तिच्यावर लोणी फिरवतो आणि पहिला घास मोडतो. तेवढ्यात कुणी फोन घेऊन बाहेर गेला तर आईचा चेहरा उतरतो. सुशीच्या काउंटरवर अगदी हेच चालतं. समोर उभा असलेला कारागीर एकेक घास तुमच्यासाठी वळतो. भात अंगाइतका कोमट असतो, वरचा मासा त्याहून थोडा गार असतो, आणि हा मेळ काही सेकंदच टिकतो. तुम्ही मोजता ते पैसे त्या सेकंदांचे. वेळेवर या, अत्तर लावू नका, फोटो काढत बसू नका, हे सगळे नियम तिथूनच आलेत.

जायचं की नाही, हे आधी ठरवा

गिन्झातल्या नावाजलेल्या काउंटरवर रात्रीचं जेवण माणशी साधारण २०,००० ते ४०,००० येनांना पडतं, काही ठिकाणी त्याहून बरंच जास्त. एका येनाला ५५ ते ६० पैसे धरले तर ३०,००० येन म्हणजे साडेसोळा ते अठरा हजार रुपये. पेयांचे पैसे वेगळे. हा आकडा वाचून पोटात गोळा आला तर दुपारी जा. बऱ्याच दुकानांत दुपारी तोच कारागीर, तोच भात आणि जवळजवळ तेच मासे असतात, पदार्थ थोडे कमी असतात आणि बिल निम्म्याच्या आसपास येतं. पहिल्या वेळेला मी सगळ्यांना दुपारचंच सुचवते. रात्री दोन-अडीच तास बसायचं दडपण नको आणि खाणंही नेटकं होतं.

शाकाहारी असाल तर मनापासून सांगते, अशा ठिकाणी जाऊ नका. सगळं जेवण माशाभोवती रचलेलं असतं, सूपपासून अंड्याच्या वडीपर्यंत सगळीकडे बोनिटो माशाचा अर्क, म्हणजे दाशी, असतो. "माझ्यासाठी काकडीची सुशी करा" म्हटलं तर तो कदाचित करेलही, पण तुमचेही पैसे वाया जातील आणि त्यालाही वाईट वाटेल. चौघांत एक जण शाकाहारी असेल तर त्याच्यासाठी त्याच संध्याकाळी शोजिन ऱ्योरी, म्हणजे बौद्ध मठांतला शाकाहारी स्वयंपाक, मिळणारं ठिकाण शोधा. तेही तितकंच देखणं जेवण असतं.

आणि हो, श्रावण, संकष्टी, सोमवार-गुरुवार जे काही पाळत असाल ते बुकिंग करायच्या आधी कॅलेंडरवर बघून घ्या. ओळखीच्या एका काकूंना आदल्या रात्री आठवलं की उद्या चतुर्थी. पैसे पूर्ण भरावे लागले.

गरोदर बायकांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी कच्च्या माशाबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. कोळंबी, तिसऱ्या, खेकडा यांची अ‍ॅलर्जी असेल तर ती बुकिंग करतानाच सांगायची असते. काउंटरवर बसल्यावर सांगितलं तर त्याच्याकडे पर्याय नसतो, कारण त्या रात्रीचा माल त्याने सकाळीच माणसं मोजून आणलेला असतो.

कच्चा मासा? थोडं थांबा

आपल्याकडे सुशी म्हटलं की "कच्चा मासा आणि गार भात" एवढंच डोळ्यांसमोर येतं. गिन्झातली सुशी ही एदोमाए पद्धतीची. तोक्योचं जुनं नाव एदो, आणि एदोमाए म्हणजे एदोसमोरचा समुद्र, तिथला मासा. बोटाएवढ्या भाताच्या मुटक्यावर मासा ठेवायची ही तऱ्हा १८२० च्या दशकात रुळली. तिचं श्रेय ऱ्योगोकू भागातल्या हानाया योहेई या सुशीवाल्याला दिलं जातं. तेव्हा ती हातगाडीवर, उभ्या-उभ्या खायची गोष्ट होती, आणि एकेक मुटका आजच्या दुपटी-तिपटीचा असे. बर्फ नव्हता, फ्रिज नव्हता. त्यामुळे मासा टिकवायला त्याला मीठ लावायचं, व्हिनेगरमध्ये ठेवायचा, सोया सॉसमध्ये मुरवायचा, उकडायचा, नाहीतर मंद शिजवायचा. गरज संपली, पण या सगळ्या रीती आजही तशाच आहेत आणि कारागिराचं खरं कसब तिथेच दिसतं.

कोहादा बघा. तारलीच्या, पाल्याच्या जातकुळीतला हा चंदेरी, काटेरी, स्वस्त मासा. त्याला किती वेळ मिठात ठेवायचं आणि किती वेळ व्हिनेगरमध्ये, हे माशाचा आकार, अंगातली चरबी आणि त्या दिवशीची हवा बघून ठरतं. थोडा जास्त राहिला तर आंबट-कोरडा, कमी राहिला तर हिमूस. जाणकार मंडळी दुकान जोखतात ते महागड्या ट्यूनावरून नाही, या कोहादावरून. पहिल्यांदा खाल तेव्हा चव अनोळखी वाटेल. कोकणातल्या ज्यांना खारवलेल्या माशाची सवय आहे त्यांची ओळख लवकर पटते.

तसाच आनागो. ही समुद्रातली वाम, सोया, साखर आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, यांत इतकी मऊ शिजवलेली की उचलताना मोडेल. कोळंबी उकडलेली असते, माकूल कच्चं असतं पण बारीक चिरा पाडून, आणि साल्मनची गाबोळी सोयात मुरवलेली असते, तिला इकुरा म्हणतात. ट्यूना, आपला कुपा म्हणा, आणला त्या दिवशी वाढत नाहीत. तो कित्येक दिवस थंडाव्यात विसावू देतात. फडफडीत ताजा तोच चांगला, हे आपल्या मासळीबाजारातलं सूत्र इथे अर्धंच खरं. गंमत म्हणजे आज सगळ्यांत महाग असलेला ट्यूनाचा चरबीदार पोटाचा भाग, तोरो, एदोच्या काळात कुणी खात नसे. मांजरसुद्धा ओलांडून जाईल असं त्याला म्हणत.

भाताकडेही लक्ष द्या. त्याला शारी म्हणतात. आखूड दाण्याचा, व्हिनेगर-मीठ घातलेला. काही दुकानांत तो फिकट तांबूस दिसतो, कारण त्यात साके गाळून उरलेल्या चोथ्याचं जुनं लाल व्हिनेगर असतं. १८०४ मध्ये आइची प्रांतातल्या हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन याने हे व्हिनेगर करायला घेतलं, ते एदोत स्वस्तात पोचलं आणि सुशी त्यावर वाढली. मुटका बाहेरून धरलेला आणि आतून मोकळा हवा, जिभेवर ठेवला की दाणा न् दाणा सुटला पाहिजे. मोदकाची उकड जमायला जशी वर्षं जातात, तशीच हा हात बसायलाही जातात.

बुकिंग

दुकान लहान असतं. काउंटरला आठ-दहा खुर्च्या, बस. एक-दोन महिने आधी हालचाल करा. नवख्याला तीन वाटा आहेत. चांगल्या हॉटेलात उतरत असाल तर तिथल्या कॉन्सिअर्जला, म्हणजे पाहुण्यांची बुकिंगं करून देणाऱ्या माणसाला, ईमेल करा. नाहीतर टेबलचेक किंवा ओमाकासे यांसारख्या साइटवर बघा, तिथे इंग्रजीत जमतं. तिसरी वाट म्हणजे इथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाने फोन करणं. काही दुकानं नव्या लोकांना घेतच नाहीत, आधी आलेल्या कुणाची ओळख लागते. त्यात मन खट्टू करून घेऊ नका, तोक्योत सुशीची सुरेख दुकानं इतकी आहेत की दुसरं सहज मिळतं.

सुकियाबाशी जिरो या सुशीच्या दुकानाचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी ओबामांना तिथेच जेवायला नेलं होतं. पण सर्वसामान्यांना तिथे सहज जागा मिळत नाही. याच कारणाने, पूर्वी त्याला तीन तारे देणाऱ्या मिशेलिनने, म्हणजे उपाहारगृहांना तारे देणाऱ्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेने, २०१९ मध्ये ते आपल्या यादीतून वगळलं. त्याच्यामागे धावण्यात सहल घालवू नका.

तारीख निवडताना रविवार आणि बुधवार तपासून घ्या. मासळीचा मोठा बाजार, जो ऑक्टोबर २०१८ मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला गेला, रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो. त्यामुळे पुष्कळ सुशीची दुकानंही तेव्हा बंद ठेवतात.

बुकिंग झालं की तीन गोष्टी लेखी मिळाल्यात का बघा: रद्द करायची मुदत, अ‍ॅलर्जी त्यांच्यापर्यंत पोचली की नाही, आणि कार्ड चालतं का. अ‍ॅलर्जीचं मी मुद्दाम सांगते. माझ्या मावशीला कोळंबी चालत नाही हे मी ज्या हॉटेलमार्फत कळवलं, तिथून तो निरोप पुढे गेलाच नाही. मावशीच्या पुढ्यात दुसराच पदार्थ कोळंबीचा आला. कारागिराने माफी मागितली, चूक त्याची नसताना. तेव्हापासून मी दुकानाचं उत्तर स्वतः वाचल्याशिवाय राहत नाही. आणि आयत्या वेळी रद्द केलं तर बहुतेक ठिकाणी पूर्ण रक्कम कापतात. तुमची रिकामी खुर्ची म्हणजे त्याच्या रात्रीच्या कमाईचा दहावा हिस्सा आणि फुकट गेलेला मासा, हे लक्षात घेतलं की त्यात काही जाचक वाटत नाही.

आदल्या दिवशी एक तालीम

फिरत्या पट्ट्याच्या सुशीच्या दुकानात एकदा जाऊन या. हा पट्टा १९५८ मध्ये ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी सुरू केला, आणि आज सुशिरो, कुरा यांसारख्या साखळ्या गल्लोगल्ली आहेत. शंभर-दीडशे येनांपासून बशी मिळते. तिथे बोटांनी सुशी उचलायची सवय करा, कोणता मासा आवडतो आणि कोणता घशाखाली उतरत नाही ते कळू द्या. काउंटरवर "हे मला जमत नाही" असं सांगता येतं, पण तुम्हाला स्वतःला ते आधी ठाऊक असलेलं बरं.

त्या संध्याकाळी

अंघोळ करा आणि अत्तर, डिओ, सुगंधी तेल, बाम यांतलं काहीही लावू नका. शेजारी बसलेल्या माणसाने वर्षभर या जेवणाची वाट पाहिलेली असते, आणि पांढऱ्या माशाचा वास इतका हलका असतो की तुमच्या परफ्यूमने तो पुसून जातो. मोगऱ्याचा गजरासुद्धा नको, इथे तो मिळायचा नाही ते सोडा. कपडे साधे-नीटनेटके, हाफ पँट नको. मनगटावरच्या बांगड्या, जाड घड्याळ, अंगठ्या आत जाण्याआधी काढून पर्समध्ये टाका. काउंटर बहुधा हिनोकीच्या एकसंध फळीचा असतो. लाकूड मऊ, त्यावर वार्निश नसतं, आणि ओरखडा उठला की रंधा मारल्याशिवाय जात नाही. फोनही त्यावर पालथा टाकू नका.

गिन्झातली दुकानं शोधणं सोपं नसतं. अरुंद इमारतीचा तळघराचा किंवा आठवा मजला, बाहेर हाताएवढी पाटी. इमारतीचं नाव आणि मजला जपानी अक्षरांत फोनवर ठेवा आणि स्टेशनातून बाहेर पडायचं कोणतं दार तेही. नेमून दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी दारात असा. वीस मिनिटं आधी पोचलात तर खाली चक्कर मारा, आत थांबायला जागा नसते. उशीर मात्र अजिबात नको. पुष्कळ ठिकाणी सगळ्यांचं जेवण एकदम सुरू होतं, आणि तुमच्यासाठी बाकीचे सात जण थांबतात.

काउंटरवर

बसल्यावर गरम ओला रुमाल मिळतो. त्याने हात पुसायचे, तोंड-मान नाही. प्यायला काय, असं विचारतील. दारू घेत नसाल तर चहा मागा, "ओचा ओनेगाई शिमास", त्यात कमीपणा काही नाही. काय खाणार हे मात्र विचारणार नाहीत. ओमाकासे म्हणजे "तुमच्यावर सोपवलं". बहुतेक ठिकाणी आधी चार-पाच छोटे पदार्थ येतात, मग दहा-बारा सुशी एकामागून एक. सुरुवात हलक्या चवीच्या माशाने, मध्ये ट्यूना, शेवटाकडे आनागो आणि अंड्याची गोडसर वडी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घास समोर ठेवला की उचला. बोटांनी खाल्लं तर चालतं, आणि इथे आपण जन्मजात पुढे आहोत. फक्त आपल्या घासासारखं पाच बोटं एकत्र करून धरायचं नाही. अंगठा आणि मधलं बोट दोन्ही बाजूंना, तर्जनी वर हलकी, आणि सगळा घास एकदम तोंडात. अर्धा चावून परत ठेवायचा नाही. मोठा वाटला तर सांगा, "शारी चिसामे दे ओनेगाई शिमास", भात थोडा कमी करा. तो आनंदाने करतो.

सोया सॉस शोधू नका. त्याने ब्रशने आधीच लावलेला असतो आणि वासाबी, म्हणजे झणझणीत हिरवी चटणी, हीसुद्धा भात आणि माशाच्या मध्ये दडलेली असते. वासाबी सोसत नसेल तर "साबी नुकी दे" म्हणा. ज्या पदार्थाबरोबर सोयाची बशी दिली असेल तिथे मासा हलकेच टेकवा, भात बुडवू नका, नाहीतर तो बशीतच सुटतो. बाजूला आल्याचे गुलाबी-पांढरे काप असतात, ते दोन सुशींच्या मध्ये एखादा, जीभ धुवायला.

फोटोची परवानगी आधी विचारा. मिळाली तरी एका घासाला एक फोटो, तोही झटकन. पहिल्या वेळी मी समुद्री शेवाळाच्या पापडीत, म्हणजे नोरीत, गुंडाळलेल्या उनीचा, म्हणजे सी अर्चिन या काटेरी समुद्री जिवाच्या गराचा, चांगला फोटो यावा म्हणून दोन-तीनदा कोन बदलत बसले. कारागीर काही बोलला नाही. त्याने माझ्या समोरचा तो घास उचलला, बाजूला ठेवला, नवी नोरी घेतली, ती निखाऱ्यावर एकदा फिरवली आणि दुसरा करून थेट माझ्या हातात दिला. दाताखाली नोरी कुरकुरली तेव्हा मला कळलं की आधीची तोवर मऊ पडली असणार. मी फोन पर्समध्ये टाकला आणि त्या रात्री परत काढला नाही.

त्याच्या हातांकडे मात्र मनसोक्त बघा, त्यात गैर काही नाही. डाव्या हातात मासा, उजव्या हाताने भाताचा गोळा, बोटाच्या टोकाने वासाबी, मग दोन-तीन हलके दाब, एक फिरकी, आणि घास समोर. तिरका ठेवलेला असतो, उजव्या हाताला सोपा पडेल असा. माझी धाकटी बहीण डावखुरी. तिसऱ्या सुशीपासून तिचा घास उलट्या बाजूला तिरका यायला लागला, माझा मात्र तसाच. तिने रुमालाला हात घातला तेव्हाच त्याने हेरलं असणार. एक अक्षर न बोलता.

बोलायचं असेल तर बोला. माशाचं नाव विचारलेलं त्यांना आवडतं, कुठून आला तेही. त्याला हाक मारायची तर "ताइशो" म्हणा. त्यांचे धंद्यातले सांकेतिक शब्द, जसं सोयाला "मुरासाकी" किंवा बिलाला "ओआइसो", इंटरनेटवर वाचून वापरायला जाऊ नका, ते दुकानाच्या माणसांनी आपसात वापरायचे. साधं बोललेलं केव्हाही छान वाटतं. आपल्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका आणि त्या भातात उभ्या खोचू नका, दोन्ही गोष्टी इथे अंत्यविधीतल्या आहेत.

शेवटी तो विचारेल, आणखी काही हवंय का. जे सगळ्यांत आवडलं ते एक पुन्हा मागा, पण त्याचे पैसे वेगळे लागतात हे ध्यानात असू द्या. पोट भरलं असेल तर "ओनाका इप्पाई देस" म्हणा, कुणी आग्रह करत नाही.

निघताना

"ओकाइकेई ओनेगाई शिमास" म्हटलं की बिल येतं, बहुधा एका चिठ्ठीवर फक्त एकूण आकडा. त्यात १० टक्के कर धरलेला असतो, काही ठिकाणी सेवाशुल्कही. टिप द्यायची नसते, ठेवलीत तर ती परत करायला मागे धावत येतील. जेवण झाल्यावर गप्पा मारत बसू नका, पुढची मंडळी यायची असतात आणि त्याला ओटा पुसून नवा भात तयार ठेवायचा असतो. बडीशेपेची डबी खाली रस्त्यावर गेल्यावर काढा.

उठताना त्याच्याकडे बघून "गोचिसोसामा देश्ता" म्हणा. बहुतेक वेळा तो हात पुसत काउंटरच्या बाहेर येतो आणि लिफ्टपर्यंत सोडायला येतो. आत शिरल्यावर लगेच फोनमध्ये डोकं घालू नका. दार मिटेपर्यंत तो वाकलेला असतो, तुम्हीही थोडं वाका.